बँडवरचे ‘वंदे मातरम्’ : मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर
लेखमाला : रणवाद्ये आणि राष्ट्रगीते

लष्करी बँडसाठी रचना करणारे संगीतकार साधारणपणे दोन वाटांनी येतात. एक वाट बराकीतून जाते. तिच्यावरचा माणूस पोरवयात पलटणीत भरती होतो, कॉर्नेट किंवा क्लॅरिनेट हाती घेतो, बढती मिळवत बँडमास्टर होतो आणि मग स्वतःच संचलनगीते लिहू लागतो. दुसरी वाट मैफलीतून किंवा रंगभूमीवरून येते. तेथे गायकाजवळ चाल असते, परंतु ती शंभर फुंकवाद्यांवर कशी उतरवावी हे बँडच्या जाणकाराबरोबर बसूनच ठरवावे लागते. पहिल्या वाटेची उत्तम उदाहरणे रशियात सापडतात. दुसऱ्या वाटेचे एक मोठे उदाहरण मराठी संगीताच्या इतिहासात आहे आणि ज्या माणसाने ते घडवले त्याचे आडनाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्री या गावावरून आलेले आहे. संभाजीनगर शहरातून सिल्लोडच्या रस्त्याने उत्तरेकडे गेले की हे तालुक्याचे गाव लागते.

पहिली वाट समजण्यासाठी वासिली आगापकिन याचे चरित्र पुरेसे आहे. १८८४ साली र्‍याझान प्रांतातील एका खेड्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला आणि पलटणीच्या बँडमध्ये शिकाऊ वादक म्हणून राहिला. पुढे तांबोव शहरातील राखीव घोडदळाच्या पलटणीत तो तुतारीवादक झाला आणि तेथील संगीतविद्यालयात त्याने रीतसर शिक्षणही घेतले. १९१२ साली बाल्कन राष्ट्रांनी तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा रणांगणाकडे निघालेल्या सैनिकांना निरोप देणाऱ्या स्त्रियांना उद्देशून त्याने जे संचलनगीत रचले ते ‘स्लाव्ह स्त्रीचा निरोप’ या अर्थाच्या नावाने रशियाभर पसरले. ७ नोव्हेंबर १९४१ रोजी जर्मन फौजा मॉस्कोच्या जवळ येऊन ठेपल्या असताना लाल चौकात झालेल्या संचलनात बँडचे संचालन याच आगापकिनकडे होते. त्याला चाल सुचली तीच मुळी कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि ढोल यांच्या भाषेत, त्यामुळे ती बँडला मानवेल की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलाच नाही.

भारतातही या वाटेचा एक थोर प्रतिनिधी होऊन गेला. धर्मशाळेजवळ जन्मलेले कॅप्टन रामसिंह ठकुरी गुरखा पलटणीच्या बँडमध्ये वाढले, मलायात युद्धकैदी झाले आणि नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेचे बँडप्रमुख बनले. ‘कदम कदम बढाये जा’ ही त्यांची चाल, तसेच रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘जन गण मन’च्या चालीवर बेतलेल्या ‘शुभ सुख चैन’ या गीताची १९४३ मधील बांधणी यांचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे, कारण राष्ट्रगीत कोणते असावे याविषयी पुढे जो वाद उभा राहिला त्यात ‘जन गण मन’ हे बँडवर आधीच रुळलेले गीत होते, ही गोष्ट निर्णायक ठरली.

कृष्णराव गणेश फुलंब्रीकर यांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाच्या आळंदीत झाला. बालनट म्हणून रंगभूमीवर आलेल्या या मुलाला भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभला आणि त्यांच्या मागोमाग तो गंधर्व नाटक मंडळीत गेला. भास्करबुवांच्या निधनानंतर मंडळीच्या संगीताची जबाबदारी मुख्यतः त्याच्यावर आली. रंगभूमीने त्यांना ‘मास्टर कृष्णराव’ हे नाव दिले आणि तेच पुढे कायम राहिले. ‘कान्होपात्रा’ आणि नंतर ‘कुलवधू’ या नाटकांचे संगीत, प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘गोपाळकृष्ण’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ या चित्रपटांचे संगीत, शिवाय स्वतंत्र मैफली असा त्यांचा पसारा होता. या तपशिलातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाला विशेष जवळची आहे. चित्रपटात काम करताना त्यांना वाद्यवृंदाचा आणि समूहगायनाचा सराव झाला. एकट्या गळ्याच्या कौशल्यावर उभी राहणारी चाल आणि अनेकांनी एकत्र म्हणावयाची चाल यांतील फरक त्यांनी स्टुडिओत रोजच्या कामातून ओळखला होता.

‘वंदे मातरम्’ला तोवर अनेक चाली लागल्या होत्या. रवींद्रनाथांनी १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ते गायिले होते, विष्णु दिगंबर पलुस्कर अधिवेशनांमधून ते गात असत आणि महाराष्ट्रातील कितीतरी गवयांनी आपापल्या रागात ते बसवले होते. मास्टर कृष्णरावांनी त्यासाठी झिंझोटी राग निवडला. खमाज थाटातील हा राग मंद्र आणि मध्य सप्तकांत, म्हणजे खालच्या आणि मधल्या पट्टीत, अधिक रमतो. त्यात गंधार शुद्ध असतो आणि निषाद कोमल. सामान्य माणसाचा आवाज ज्या पट्ट्यात सहज फिरतो तेथेच हा रागही फिरतो, म्हणून सभेत सर्वांनी मिळून गाण्यासाठी ही निवड अतिशय विचारपूर्वक केलेली दिसते. या गीतावरची त्यांची निष्ठा इतकी होती की मुंबई नभोवाणीवर ते म्हणू दिले नाही म्हणून त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार टाकला आणि वल्लभभाई पटेल माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाल्यावरच तो मागे घेतला. त्या काळी गायकाच्या कीर्तीचा आणि उत्पन्नाचा मोठा भाग नभोवाणीवर अवलंबून असे, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे मोल कळते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. गीत गाऊ द्यावे की नाही हा वाद मागे पडला आणि राष्ट्रगीत कोणते असावे हा प्रश्न पुढे आला. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितले गेले. शिष्टमंडळाजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती वाद्यवृंदाला देण्यात आली आणि ते वादन तेथे पसंत पडले. पुढे २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी संविधान सभेत केलेल्या निवेदनात हा प्रसंग सांगितला, प्रांतांच्या राज्यपालांकडून मते मागवली होती हेही सांगितले आणि राष्ट्रगीताच्या बाबतीत शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची असते, ती वाद्यवृंदाला आणि बँडला पेलली पाहिजे, परदेशी वादकांनाही वाजवता आली पाहिजे, अशी भूमिका मांडली. ‘वंदे मातरम्’ या कसोटीला उतरत नाही असे त्यांचे मत होते. या गीताला विरोध होण्याची इतर कारणेही होती आणि काँग्रेस कार्यकारिणीने १९३७ मध्येच पहिल्या दोन कडव्यांपुरती मर्यादा घातली होती. मात्र बँडचा आक्षेप हा संगीताचा आक्षेप होता, आणि मास्टर कृष्णरावांनी त्याला संगीतातूनच उत्तर द्यायचे ठरवले.

हे उत्तर किती अवघड होते ते कळण्यासाठी बँडची रचना पाहणे आवश्यक आहे. लष्करी बँडमध्ये तीन घराणी असतात. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन ही लाकडी फुंकवाद्ये म्हणून मोजली जाणारी वाद्ये, कॉर्नेट, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा ही पितळी वाद्ये, आणि साइड ड्रम, मोठा ढोल, झांजा ही तालवाद्ये. लग्नाच्या वरातीत वाजणारा बँड हे याच कुळातले धाकटे भावंड असल्याने मराठी वाचकाला त्यांचा आवाज परिचित असतो. या ताफ्यात तानपुरा नाही. रागगायनात षड्जाचा जो अखंड आधार मागे वाहत असतो, त्याच्या जागी येथे स्वरमेळ असतो, म्हणजे वेगवेगळी वाद्ये एकाच वेळी वेगवेगळे स्वर धरून मुख्य चालीला खालून उचलून धरतात. त्यामुळे राग बँडवर नेताना प्रत्येक स्वराखाली कोणता मेळ ठेवायचा हे नव्याने ठरवावे लागते, आणि तो चुकला की राग ओळखू येईनासा होतो. झिंझोटीचा शुद्ध गंधार येथे उपयोगी पडतो, कारण षड्ज, शुद्ध गंधार आणि पंचम हे तीन स्वर एकत्र वाजले की पाश्चात्त्य संगीतातील सर्वांत स्थिर मानला जाणारा मेळ तयार होतो. कोमल निषादाची मात्र काळजी घ्यावी लागते, त्याच्याखाली चुकीचा आधार आला तर कानाला चाल दुसऱ्याच सुराकडे वळल्यासारखी वाटते.

दुसरी अडचण मींडेची. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे हा आपल्या गायकीचा प्राण आहे, परंतु कॉर्नेट किंवा युफोनियम यांच्या कळा दाबल्या की स्वर पायरीपायरीने बदलतात. ट्रॉम्बोनची नळी पुढेमागे सरकते म्हणून त्यावर घसीट निघते, पण सबंध बँडने एकाच मापाने घसीट घेणे अशक्य असते. म्हणून चालीतील मींड, कण आणि मुरकी वगळून मुख्य स्वरांचा जो सांगाडा उरतो तोच राग सांगायला पुरेसा आहे की नाही, ही खरी परीक्षा ठरते. त्यानंतर श्वासाचा प्रश्न येतो. ‘वंदे मातरम्’ची संस्कृत पदे दीर्घ आणि सामासिक आहेत, वादकांना कोठे श्वास घ्यायचा हे चालीतच आखून द्यावे लागते. शेवटी स्वरलिपी. भारतीय सरगम षड्ज कोणताही मानून लिहिता येते, पण बँडच्या पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनमध्ये प्रत्येक स्वराची उंची ठाम असते, शिवाय क्लॅरिनेट, हॉर्न यांसारख्या वाद्यांचा कागदावर लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष निघणारा स्वर वेगळा असल्यामुळे प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रत तयार करावी लागते.

हे काम एकट्या गवयाच्या हातचे नव्हते. मास्टर कृष्णरावांनी मुंबईत नौदलाच्या बँडचे प्रमुख कमांडर स्टॅन्ली हिल्स यांचे साहाय्य घेतले, आपल्या चालीची बँडसाठी बांधणी करून घेतली, ती वाजवून घेतली आणि दिल्लीला जाऊन नेहरूंसह संविधान सभेच्या सदस्यांपुढे तिचे प्रात्यक्षिक केले. रंगभूमीवर कीर्ती मिळवलेल्या, पन्नाशीला आलेल्या गायकाने आपल्या चालीतील अलंकार स्वतःच्या हाताने उतरवून ती एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या कागदावर ठेवणे, ही घटना मराठी संगीताच्या इतिहासात आजवर मिळाली त्याहून कितीतरी अधिक जागा मागणारी आहे. तिचा उल्लेख बहुधा एका राजकीय मोहिमेचा भाग म्हणून होतो. वास्तविक ती रचनाकाराची कामगिरी आहे, आणि रागावर आधारलेली चाल लष्करी बँडपर्यंत नेण्याचा इतका जाणीवपूर्वक प्रयत्न त्या काळात क्वचितच झाला असेल.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असेल आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान मिळेल, असे निवेदन केले. या निर्णयामागची राजकीय कारणे बाजूला ठेवून केवळ संगीताच्या अंगाने पाहिले, तर दोन गीतांच्या तयारीत मोठी तफावत होती. ‘जन गण मन’ची स्वरलिपी १९१९ सालीच मदनपल्ली येथे रवींद्रनाथांच्या मुक्कामात मार्गारेट कझिन्स यांच्या साहाय्याने तयार झाली होती, १९४२ मध्ये हॅम्बुर्ग येथे ते वाद्यवृंदावर वाजले होते, आणि रामसिंह ठकुरींच्या बँडने तीच चाल आझाद हिंद सेनेत घुमवली होती. ‘वंदे मातरम्’च्या वाट्याला अशी तीन दशकांची घडण आली नाही. त्याच्या अनेक चाली होत्या, पण बँडसाठी पद्धतशीर बांधलेली चाल फारच उशिरा पुढे आली. म्हणून ते गीत मुळातच बँडला अयोग्य होते, हा निष्कर्ष टिकत नाही. कोणतीही चाल बँडला योग्य होते ती तिच्यावर झालेल्या कामामुळे, आणि ते काम मास्टर कृष्णरावांनी सुरू केले तेव्हा निर्णयाची वेळ जवळ येऊन ठेपली होती.

त्यांचा हा अभ्यास वाया मात्र गेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ च्या धम्मदीक्षेच्या निमित्ताने पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल लावण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. शास्त्रीय संगीत न शिकलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांनी एकत्र म्हणावयाची ती वंदना होती. दीर्घ पदे, समूहाचा श्वास, मर्यादित पट्टी आणि अलंकारांचा संयम या ज्या अटी बँडने घातल्या होत्या, जवळजवळ त्याच येथेही होत्या. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी सिद्ध केलेल्या ‘रागसंग्रह’ या ग्रंथाचे सात भाग आहेत, आणि बंदिशींची स्वरलिपी नेमकेपणाने लिहून ठेवण्याची जी शिस्त त्यांत दिसते, तीच शिस्त नौदलाच्या बँडबरोबर काम करताना त्यांच्या उपयोगी पडली असली पाहिजे.

पुढील लेखांकात तंजावरच्या मराठी दरबारातील दुसरे सरफोजीराजे आणि त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीवर उभारलेला बँड यांचा विचार केला जाईल.