सल्ला फुकटचा, हिशेब आपला



उसाच्या नोंदीसाठी, तोडीच्या पाळीसाठी सभासद गट ऑफिसला येतात. कागदाचे काम पाच मिनिटांत उरकते. मग गोष्टी निघतात त्या दोनच : तब्येत आणि पैसा. या दोन्हींवर आपल्याकडे सल्ल्याला तोटा नाही. "अशक्तपणा वाटतोय? बाटली लावून घे." "साखर सोड, गूळ धर." "काय वाटेल ते कर, पण ठेवीला हात लावू नको." आमचे काम तसे शेतापुरते. पण शेतात आपण जो हिशेब करतो, तो घरात का करीत नाही, एवढाच प्रश्न आज मांडायचा आहे.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. सगळे युरियातून द्यायचे धरले तर ४५ किलोची साधारण पाच पोती होतात. "आणखी दोन पोती टाक" असे कोणी सांगितले, तर जाणता सभासद दोन प्रश्न विचारतो. या जादा पोत्याने टनेज किती वाढेल? आणि तेच पैसे शेणखताला लावले तर काय मिळेल? अर्थशास्त्रात या प्रश्नांना मोठमोठी नावे आहेत. आपल्याला नावांची गरज नाही, प्रश्न पुरेत.

बाटलीत असते काय?

हंगामाच्या शेवटी ऊन वाढले, धावपळ झाली की अंगात त्राण राहत नाही. मग बाटली लागते आणि तरतरी येते. आता हिशेब करा. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजची बाटली असेल तर त्यात २५ ग्रॅम ग्लुकोज. आपल्या कारखान्याच्या साखरेच्या भाषेत सांगायचे तर पाच-सहा चमचे. माणूस तोंडाने पिऊ-खाऊ शकत असेल, तर हे सारे घरच्या लिंबू-सरबतात मिळते.

याचा मोठा दाखला १९७१ सालचा आहे. बांगलादेशाच्या लढाईत पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजण्यास सुरुवात केली. आधी शंभरात तीसच्या घरात जाणारे मृत्यू चारच्या आत आले. आज जुलाबावर दिली जाणारी ओआरएसची पुडी याच वाटेने घरोघर पोचली. पुडी जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा.

याचा अर्थ बाटली वाईट, असा नव्हे. उलटी थांबत नाही, शुद्ध हरपली आहे, अंगातले पाणी फार गेले आहे, अशा वेळी बाटली जीव वाचवते. डॉक्टरांनी गरज सांगितली तर पैशाकडे पाहू नये. आमचे म्हणणे "जरा बरे वाटावे" म्हणून लावायच्या बाटलीपुरते आहे. त्याच पैशात दुसरे काय झाले असते? रक्त कमी आहे का, साखर वाढली आहे का, रक्तदाब किती, हे कळले असते. अशक्तपणा महिनोन्‌महिने टिकतो त्याचे कारण बहुधा इथेच सापडते. बाटलीने चार दिवस बरे वाटते आणि तपासणी मागे पडते. खरे नुकसान ते आहे. मधुमेह असेल आणि ठाऊक नसेल, तर ग्लुकोजच्या बाटलीने साखर आणखी चढते. बाटली लावणाऱ्याला पैसे मिळतात, "गरज नाही" म्हणणाऱ्याला मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

गूळ की साखर?

आम्ही साखर कारखान्याची माणसे. म्हणून आमचे बोलणे पारखून घ्यावे. गुळात लोह आणि खनिजे थोडी जास्त, हे खरे. पण चहात पडतो तो दहा ग्रॅम गूळ. तेवढ्यातून मिळणारे लोह नगण्य. गोडी आणि उष्मांक मात्र जवळपास साखरेइतकेच. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार उष्मांकाच्या आहाराला हे सुमारे ५० ग्रॅम होतात, आणि गूळ-मध त्यातच धरावा लागतो. चव आवडते म्हणून गूळ जरूर खावा. पण मधुमेह आहे म्हणून साखर सोडून गूळ धरणे म्हणजे पोते तेच, नुसता छाप बदलला.

ठेव मोडू नये?

एका घरात बँकेत लाखाची ठेव आहे, व्याज सात टक्के धरू. दवाखान्याला किंवा लग्नाला लाख रुपये लागतात. "ठेव मोडू नये" म्हणून ती तशीच राहते आणि खासगीतून "तीन टक्क्यांनी" पैसे उचलले जातात. हे तीन टक्के महिन्याचे. वर्षाचे झाले छत्तीस. ठेवीवर आले ७,००० आणि व्याजात गेले ३६,०००. ठेव सांभाळण्यासाठी घराने वर्षाला २९,००० मोजले. ठेव मोडली तर थोडे व्याज कापले जाते. किंवा ठेवीवरच कर्ज मिळते, त्याचा दर ठेवीपेक्षा एक-दोन टक्केच जादा असतो.

दुसरा सल्ला, "अमक्या पतसंस्थेत एक टक्का जादा मिळतो." पाच लाखांवर तो एक टक्का म्हणजे वर्षाला ५,०००. त्याच्या बदल्यात आपण सोडतो काय? बँकेतील ठेवीला, त्यात सहकारी बँकाही आल्या, ठेव विम्याचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह पाच लाखांपर्यंत करण्यात आले. पतसंस्थेतील ठेवी या विम्यात येत नाहीत. संस्था बुडाली, तर गेलेले पाच लाख भरून यायला तो जादा टक्का शंभर वर्षे मिळावा लागेल. सगळ्या पतसंस्था वाईट नाहीत. पण सगळे ऊसबिल एकाच ठिकाणी ठेवण्याआधी हा आकडा मांडून पाहावा.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला मायेपोटी असतो, त्याचा अनादर करू नये. फक्त तो ऐकल्यावर कागद-पेन्सिल घ्यावी आणि विचारावे : याने नेमका फरक किती पडेल? याच्या बदल्यात आपण काय सोडतो? सांगणाऱ्याचा यात फायदा कोणता? खताच्या पोत्याला आपण हे विचारतोच. आता ऊसबिलाचा हप्ता हाती येईल, तेव्हा घरातल्या सर्वांनी, विशेषतः भगिनींनी, एकत्र बसून हा हिशेब जरूर करावा.