फोन आणि मोटर यांच्या मध्ये कोण?

करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून कंदर, वांगी, चिखलठाण, केत्तूर अशी ऊस-केळीची गावं आहेत. तिथल्या कितीतरी कुटुंबांत फोनवरून चालणारं पहिलं यंत्र आलं ते मोटरीच्या पेटीत. घरातला बल्ब आणि कॅमेरा त्याच्या मागून आले. शेतीच्या वाहिनीला थ्री फेज वीज दिवसातून साधारण आठ तास, तीही पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. लाइट आली की पेटीपाशी जायचं, मध्येच गेली तर परत आल्यावर पुन्हा जायचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं, तशी मोटर, केबल आणि पाइप त्याच्यामागे सरकवत न्यावे लागतात. डिसेंबर 2020 मध्ये तर नरभक्षक बिबट्याने तालुक्यात तिघांचा जीव घेतला. 18 डिसेंबरला वांगीच्या शिवारात त्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत रात्रीचं दारं धरायला जाणं काय होतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

या खेपा वाचवणारा, फोनवरून मोटर चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो समजला की स्मार्ट घरातली बहुतेक यंत्रं समजतात.

आधी साधा स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलला वीज मिळते, ती लोहचुंबक होते आणि तीन फेजचे पॉइंट ओढून जोडते. बटण सोडलं तरी मोटर चालू राहते, कारण कॉइल स्वतःच्याच एका पॉइंटमधून वीज घेत राहते. लाइट गेली की कॉइल सुटते, पॉइंट उघडतात. लाइट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, आणि हे मुद्दामच तसं केलेलं आहे. लाल बटण एवढंच करतं की कॉइलची वाट तोडतं.

मोबाइलचं यंत्र या पेटीच्या बाजूला बसतं. त्यात एक सिमकार्ड, फोनचा छोटा भाग, एक बॅटरी आणि दोन रिले असतात. एक रिले हिरव्या बटणाला समांतर जोडलेला, दुसरा लाल बटणाच्या वाटेत. म्हणजे ते यंत्र तुमच्या बोटाचं काम करतं, त्यापलीकडे काही नाही. तुम्ही त्या सिमला फोन लावता, ते आपोआप उचलतं, तुम्ही समजा 1 दाबता आणि मोटर सुरू होते. चांगल्या यंत्रात तिन्ही फेज आहेत का हे आधी तपासलं जातं. मोटर घेत असलेला करंटही मोजला जातो: विहिरीतलं पाणी संपून मोटर कोरडी चालू लागली की करंट घटतो आणि यंत्र तिला बंद करतं. बॅटरी असल्यामुळे लाइट गेल्याचा निरोपही येतो.

फोनवर 1 दाबल्यावर यंत्रापर्यंत काय पोहोचतं? दोन सूर एकदम पोहोचतात, एक 697 हर्ट्झचा आणि एक 1209 हर्ट्झचा. 3 दाबलं तर 697 आणि 1477. प्रत्येक बटणाची अशी जोडी जगभर एकच ठरलेली आहे. म्हणून शेतात बसवलेलं यंत्र एका कंपनीचं, सिम दुसऱ्या कंपनीचं आणि हातातला फोन तिसरीचा, अगदी साधा बटणांचा असला तरी बिघडत नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे अशा यंत्रांपैकी सुरुवातीचं आणि गाजलेलं. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. मला या यंत्राचं मोल वाटतं ते याच्यासाठी की त्यात शेतकरी आणि मोटर यांच्या मध्ये टेलिफोन कंपनीशिवाय कुणी नाही. यंत्र बनवणारी कंपनी उद्या बंद पडली तरी 1 दाबल्यावर मोटर सुरू होईल.

आता बाजारात ॲपवर चालणारे स्टार्टर आले आहेत, आणि घरातले बहुतेक वायफायचे बल्ब, प्लग, कॅमेरे त्याच घडणीचे आहेत. त्यांची वाट वेगळी असते. तुम्ही ॲपमध्ये बटण दाबता, निरोप इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, सर्व्हर तो यंत्राला कळवतो. डोक्यावरचा बल्ब पेटवायला निरोप अनेकदा दुसऱ्या देशात जाऊन येतो. सोय यातही आहे: मोटर किती तास चालली याचा हिशेब दिसतो, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलालाही पाहता येतं. पण मध्ये बसलेल्या त्या सर्व्हरला मोटर कुठे आहे, कधी आणि किती चालते, फोन कुणाचा आहे हे सगळं कळतं. त्यावरून तुमच्याकडे पाणी किती उरलं, पीक तग धरणार का, याचा अंदाज बांधता येतो. ज्याला केळीचा सौदा करायचा आहे त्याच्या हाती असा अंदाज लागणं ही लहान गोष्ट नाही.

दुसरा धोका सर्व्हर बंद होण्याचा. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचं घर चालवणारं उपकरण होतं, किंमत सुमारे 300 डॉलर. ‘नेस्ट’ या कंपनीने 2014 मध्ये ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे 2016 मध्ये सर्व्हर बंद केला. उपकरण जागेवर धडधाकट होतं, पण निकामी झालं.

घरातल्या यंत्रांना फोनच्या सुरांसारखी एक समान बोली द्यायचा प्रयत्न म्हणजे ‘मॅटर’ हे मानक. ॲपल, गूगल, ॲमेझॉन आणि झिग्बी अलायन्स ही उद्योगसंघटना यांनी डिसेंबर 2019 मध्ये त्याची घोषणा केली, पहिली आवृत्ती ऑक्टोबर 2022 मध्ये आली. मॅटरच्या बल्बवर एक क्यूआर कोड आणि अकरा आकडी क्रमांक असतो. तो फोनने वाचला की बल्ब आपलं प्रमाणपत्र दाखवतो. खरा असल्याची खात्री पटली की त्याला घराच्या जाळ्यात घेतात आणि पुढचं सगळं बोलणं कुलूपबंद होतं. निरोप फोनपासून राउटरपर्यंत आणि तिथून बल्बपर्यंत, घरातल्या घरात जातो. वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन एकच बल्ब चालवू शकतात. इंटरनेट गेलं तरी घरातून बटण चालतं. करमाळ्यासारख्या गावात, जिथे इंटरनेट कधी जाईल सांगता येत नाही, हा गुण मोठा आहे.

पण मॅटर फक्त यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते ठरवतं. कंपनीने आपल्या ॲपमधून काय गोळा करावं, यावर त्याचा अंमल नाही. बल्बच्या ॲपने तुमची फोनवही मागितली तर नकार तुम्हालाच द्यावा लागतो.

कॅमेऱ्याबाबत मी सगळ्यात जास्त सावध राहायला सांगेन. वस्तीवर चोरीच्या भीतीने सिमवर चालणारे कॅमेरे लागतात आणि भीती खरीच असते. मात्र 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘रिंग’ या कंपनीवर आरोप ठेवला की तिच्या माणसांना ग्राहकांच्या घरातली चित्रणं पाहता येत होती. कंपनीने 58 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आपल्याकडे एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी तपासणी बंधनकारक झाली आहे. व्यक्तिगत डेटाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर काळजी घरातच घ्यायची आहे.

म्हणून दुकानात किंमत विचारण्याआधी विचारावं: इंटरनेट नसताना हे चालतं का? चित्रण मेमरी कार्डवर राहतं की बाहेर जातं? पासवर्ड बदलता येतो का? दुकानदाराला सांगता आलं नाही तर घरी नेऊन राउटरची इंटरनेटची वायर काढावी आणि वायफायवर बटण दाबून पाहावं; बल्ब पेटला नाही तर मध्ये कुणीतरी आहे. आणि मोबाइल स्टार्टर साधा असला तरी तो कोणाकोणाचा फोन उचलतो ती यादी तपासावी. काही यंत्रं कुणाचाही फोन घेतात, तिथे फक्त नोंदवलेले नंबर चालतील अशी मांडणी करून घ्यावी. सालगडी काम सोडून गेला की त्याचा नंबर त्याच दिवशी काढावा, आणि यंत्रातलं सिम घरातल्याच माणसाच्या नावावर असावं, नाहीतर पुढे सिम बंद पडल्यावर ते बदलून घ्यायलाही दुसऱ्याचे पाय धरावे लागतात.