सिराजच्या नऊ विकेट आणि सहा धावांचा हिशेब : खेळाडूची कामगिरी मोजायची कशी?

४ ऑगस्ट २०२५. लंडनच्या ओव्हल मैदानावर पाचव्या दिवसाचा खेळ तासभरही चालला नाही. मोहम्मद सिराजनं गस अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला आणि भारतानं कसोटी अवघ्या ६ धावांनी जिंकली. धावांच्या फरकानं पाहिलं तर भारताचा कसोटीतला हा सर्वांत निसटता विजय. मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली.

त्या दिवशी आपल्या घराघरात, मोहल्ल्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर आणि फॅमिली ग्रुपवर एकच नाव होतं, सिराज! ते साहजिकच होतं. सामन्यात ९ विकेट घेणाऱ्याला सामनावीर नाही म्हणायचं तर कुणाला? पण जल्लोष ओसरल्यावर मुलांसोबत बसून एक प्रश्न विचारायला हवा. हा सामना एकट्या सिराजनं जिंकून दिला का? आणि तो हरला असता, तर याच सिराजबद्दल लोक काय बोलले असते?

आधी धावफलक बघू

भारत २२४ आणि ३९६. इंग्लंड २४७ आणि ३६७. विजयासाठी इंग्लंडला ३७४ धावा हव्या होत्या. चौथ्या दिवशी हॅरी ब्रूक (१११) आणि जो रूट (१०५) यांनी १९५ धावांची भागीदारी केली, तेव्हा सामना हातातून गेल्यातच जमा होता. शेवटच्या सकाळी इंग्लंडला फक्त ३५ धावा हव्या होत्या आणि ४ विकेट शिल्लक होत्या.

कसोटीत खेळाडूचं मोल करताना नुसता आकडा पुरत नाही. तीन गोष्टी बघाव्या लागतात. काम कोणत्या परिस्थितीत केलं, ते केलं नसतं तर काय झालं असतं आणि ते करायला किती ताकद खर्ची पडली.

सिराज : चूकही त्याची, भरपाईही त्याची

पहिल्या डावात ८६ धावांत ४, दुसऱ्या डावात १०४ धावांत ५. पहिल्या डावात इंग्लंड १ बाद १२९ असं सुसाट निघालं होतं. तिथून त्यानं पोप, रूट, बेथेल आणि ब्रूक यांना बाद केलं. म्हणजे मधली फळीच कापून काढली. तिसऱ्या दिवसाच्या शेवटच्या क्षणी यॉर्करवर क्रॉलीचा त्रिफळा उडवला. शेवटच्या सकाळी स्मिथ, ओव्हर्टन आणि अ‍ॅटकिन्सन हे तिघे त्याचेच.

पण खरा हिशेब करायचा तर त्याची चूकही मांडावी लागेल. ब्रूक १९ धावांवर असताना प्रसिद्ध कृष्णाच्या गोलंदाजीवर त्याचा उंच फटका सिराजनं सीमारेषेजवळ पकडला, पण तोल जाऊन पाय दोरीला लागला. विकेट तर गेलीच, वर सहा धावा मिळाल्या. त्यानंतर ब्रूकनं शतक गाठलं. त्या जीवदानाची किंमत ९२ धावा आणि सामना जिंकला ६ धावांनी! भारत हरला असता, तर वर्षानुवर्षं तोच एक पाय दाखवला गेला असता.

तिसरी गोष्ट मेहनतीची. पाचही कसोटी खेळलेला तो भारताचा एकमेव वेगवान गोलंदाज. मालिकेत १८५ हून जास्त षटकं टाकली आणि सर्वाधिक २३ विकेट घेतल्या. आधीच्या मँचेस्टर कसोटीत १४० धावा देऊन त्याला एकच विकेट मिळाली होती. लॉर्ड्सला भारत २२ धावांनी हरला, तेव्हा शेवटचा बाद होणारा फलंदाजही तोच होता. त्यानं चेंडू बॅटनं नीट अडवला, पण तो मागं घरंगळून यष्टीला लागला. तोच माणूस पंचविसाव्या दिवशी सकाळी तितक्याच जोरानं धावत येतो, याला सब्र म्हणतात.

ज्यांची नावं मागे पडली

प्रसिद्ध कृष्णा : दोन्ही डावांत चार-चार विकेट, एकूण ८. सिराजपेक्षा फक्त एक कमी. शतकवीर रूटला त्यानंच बाद केलं. दुसऱ्या डावात धावा जास्त दिल्या हे खरं, पण त्याच्याशिवाय समोरची बाजू मोकळी पडली असती.

यशस्वी जैस्वाल : पहिल्या डावात २, दुसऱ्यात ११८. इंग्लंडनं त्याचे झेल सोडले, म्हणून काही जण या शतकाला नशिबाचं म्हणतात. पण ज्या खेळपट्टीवर पहिल्या डावात सारा संघ २२४ वर गारद झाला, तिथं टिकून शतक काढणं सोपं नव्हतं. हा मुलगा उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून मुंबईत आला आणि आझाद मैदानावर मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत राहून मोठा झाला, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

आकाश दीप : नाइट वॉचमन म्हणून आला आणि ६६ धावा करून गेला. जैस्वालसोबत १०७ धावांची भागीदारी केली. गोलंदाजीत विकेट दोनच, पण त्यातली एक शतकवीर ब्रूकची होती. तो झेल घेतला सिराजनंच.

वॉशिंग्टन सुंदर : ४६ चेंडूंत ५३ धावा. नववी विकेट ३५७ वर पडली होती. तिथून शेवटच्या जोडीनं ३९ धावा जोडल्या आणि त्यात समोरच्या प्रसिद्धची एकही धाव नव्हती. ३९ धावा जोडल्या नसत्या, तर ६ धावांचा विजय कुठून आला असता?

करुण नायर : पहिल्या डावात ५७, त्या डावातलं भारताचं एकमेव अर्धशतक. दुसऱ्या डावात १७. धावफलकावर हे फार मोठं दिसत नाही, पण कठीण दिवसाचे ५७ सोप्या दिवसाच्या शंभराइतके भरतात. रवींद्र जडेजाच्या दुसऱ्या डावातल्या ५३ धावांचंही तसंच.

शुभमन गिल : फलंदाज म्हणून या सामन्यात २१ आणि ११. पहिल्या डावात तर स्वतःच्याच घाईनं धावबाद. पण मालिकेत ७५४ धावा त्याच्याच. शिवाय शेवटच्या सकाळी नवा चेंडू मिळत असताना त्यानं तो घेतला नाही. जुना चेंडू हवेत वळत होता, म्हणून तोच सिराज-प्रसिद्धच्या हाती ठेवला. कर्णधाराचं हे काम धावफलकात कुठंच लिहिलेलं नसतं.

समोरच्यांनाही दाद द्या

अ‍ॅटकिन्सननं पहिल्या डावात ३३ धावांत ५ विकेट घेतल्या. दुसऱ्या डावात जॉश टंगनं पाच घेतल्या. आणि ख्रिस वोक्स! पहिल्याच दिवशी क्षेत्ररक्षण करताना त्याचा खांदा निखळला. तरी शेवटी डावा हात स्वेटरमध्ये बांधून तो मैदानात उतरला. एकही चेंडू खेळला नाही, तरी अख्खं मैदान त्याच्यासाठी उभं राहिलं. आकड्यांत त्याच्या नावापुढं शून्य आहे. पण त्या शून्याला नुसतं शून्य कोण म्हणेल?

आता आपल्या घरातला प्रश्न

सिराज जिंकून देतो तेव्हा आपल्याला जरा जास्तच आनंद होतो. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा. नोव्हेंबर २०२० मध्ये तो ऑस्ट्रेलियात असताना त्याच्या अब्बांचं इंतकाल झालं, तरी तो संघासोबत थांबला आणि त्याच दौऱ्यात ब्रिस्बेनला डावात पाच विकेट घेतल्या. अशा मुलाचा अभिमान वाटण्यात गैर काहीच नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही आपण पाहिलेली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून टी-ट्वेंटी विश्वचषकाचा सामना हरला, तेव्हा दहा विकेटनी झालेल्या पराभवाचं खापर मोहम्मद शमीवर फोडून सोशल मीडियावर त्याच्या धर्मावरून शिवीगाळ झाली. त्या वेळी कर्णधार विराट कोहली त्याच्या बाजूनं उघडपणे उभा राहिला होता.

नाव बघून एखाद्याला दोषी ठरवणं जसं चूक, तसंच नाव बघून बाकी दहा जणांची मेहनत विसरणंही चूकच. आपल्याला इन्साफ हवा असेल, तर आपल्या हातातला तराजूही सरळ हवा. सिराजचा सीमारेषेवरचा पाय मोजायचा आणि त्याच्या नऊ विकेटही मोजायच्या. गिलचं अपयश मोजायचं आणि त्याचे निर्णयही. सुंदरचे ५३ विसरायचे नाहीत.

पुढच्या कसोटीनंतर एक करून बघा. घरातल्या प्रत्येक मुलाला एक-एक खेळाडू वाटून द्या. ज्यांनी शतक केलं नाही, पाच विकेट घेतल्या नाहीत, अशाच खेळाडूंची नावं द्या. मग विचारा, ‘हा संघात नसता, तर काय झालं असतं?’ उत्तर शोधताना पोरं क्रिकेट तर शिकतीलच, पण माणसाचं मोल नावावरून नाही, कामावरून करायचं असतं हेही शिकतील. ओव्हलवर सिराजचे नऊ मोहरे होते, तसे सुंदरच्या साथीनं शून्यावर नाबाद राहिलेल्या प्रसिद्धचे ते काही चेंडूही होते. सहा धावांच्या विजयात दोन्हींचा हिस्सा आहे.