स्लॅश साहित्याच्या चाहत्यांची राजकीय मते

एखाद्या प्रसिद्ध मालिकेतील, चित्रपटातील किंवा कादंबरीतील एकाच लिंगाच्या दोन पात्रांमध्ये प्रेमसंबंध कल्पून चाहत्यांनी लिहिलेल्या कथांना स्लॅश साहित्य असे म्हणतात. मूळ कृतीत असा संबंध बहुधा नसतो. दोन पात्रांच्या नावांमध्ये दिल्या जाणाऱ्या तिरप्या रेघेवरून हे नाव पडले. स्त्री-पात्रांच्या जोड्यांसाठी 'फेमस्लॅश' ही वेगळी संज्ञा आहे. या कथा लिहिणारा आणि वाचणारा वर्ग प्रामुख्याने स्त्रियांचा आहे. हा वर्ग राजकीयदृष्ट्या पुरोगामी आणि समलिंगी हक्कांचा पाठीराखा असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो काही अंशी खरा आहे. परंतु या चाहत्यांमध्ये स्त्रीवाद, वंशभेद, अश्लीलता आणि शासकीय नियंत्रण या प्रश्नांवर सुरुवातीपासून तीव्र मतभेद राहिले आहेत.

उगम व सुरुवातीची भूमिका

स्लॅशचा उगम 'स्टार ट्रेक' (१९६६–६९) या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांमध्ये झाला. कर्णधार कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्यावरील पहिली प्रकाशित कथा 'अ फ्रॅगमेंट आउट ऑफ टाइम' ही मानली जाते. ऑस्ट्रेलियातील डायेन मर्चंट यांची ही कथा १९७४ साली 'ग्रुप' या चाहत्यांच्या नियतकालिकात आली. तीत दोघांची ओळख मुद्दाम धूसर ठेवलेली होती. त्यामागे काळाचे भान होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळून जेमतेम काही महिने झाले होते, आणि अमेरिकेच्या काही राज्यांत समलिंगी संबंध २००३ पर्यंत गुन्हा ठरत होते. त्यामुळे या कथा टोपणनावाने लिहिल्या जात आणि ओळखीच्या वर्तुळातच हातोहात फिरत.

या गुप्ततेमुळे लेखिकांना बंडखोर ठरवणे सोपे आहे, पण त्या स्वतःला तसे म्हणवून घेत नव्हत्या. अभ्यासक कॉन्स्टन्स पेन्ली यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात चाहत्यांच्या मेळाव्यांना उपस्थित राहून जे लिहिले, त्यात दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की स्त्री-पुरुष समतेचे प्रश्न कथांमधून सातत्याने हाताळणाऱ्या अनेक लेखिका स्वतःला 'स्त्रीवादी' म्हणवून घेण्यास नकार देत. दुसरी अशी, की अनेक कथांमध्ये कर्क आणि स्पॉक समलिंगी नसून केवळ एकमेकांवर प्रेम करतात, असे ठासून सांगितले जाई. प्रेम मान्य, पण त्याचे राजकीय नाव अमान्य, अशी ही भूमिका होती.

या भूमिकेला विरोधही चाहत्यांमधूनच झाला. समलिंगी स्त्री-पुरुष चाहत्यांना नायकांनी दिलेला हा नकार अपमानास्पद वाटे. शोशाना ग्रीन, सिंथिया जेन्किन्स आणि हेन्री जेन्किन्स यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात चाहत्यांमधील अशा चर्चांचे संकलन आहे. समलिंगी प्रेमाच्या कथा समलिंगीद्वेषी असू शकतात काय, हा त्यातील एक वादविषय आहे.

स्त्रीवादी चर्चा

१९८०च्या दशकात अमेरिकी स्त्रीवादी चळवळ कामुक साहित्याच्या प्रश्नावर दुभंगली होती. एका गटाच्या मते असे साहित्य स्त्रीवरील हिंसाच होते. दुसऱ्या गटाला बंदीत स्त्रीच्याच लैंगिकतेवरचे नियंत्रण दिसत होते. विज्ञानकथालेखिका आणि समलिंगी स्त्रीवादी जोआना रस यांनी १९८५ साली या वादात स्लॅश साहित्य पुरावा म्हणून पुढे आणले. स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेले आणि बाजाराच्या बाहेर राहिलेले हे साहित्य स्त्रियांना खरोखर काय हवे आहे ते दाखवते, असा त्यांचा युक्तिवाद होता. रस यांनी स्वतःही कर्क–स्पॉक कथा लिहिल्या होत्या. पॅट्रिशिया फ्रेझर लॅम्ब आणि डायना वीथ यांनी १९८६ साली याच कथांमध्ये दोन समान व्यक्तींच्या प्रेमाचे चित्र पाहिले. विषमता गृहीत धरणाऱ्या विवाहसंस्थेत असे प्रेम रंगवणे लेखिकांना अवघड जात असल्याने दोन्ही पात्रे पुरुष असतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

या मांडणीला सर्वात थेट आव्हान जपानमधून मिळाले. तेथे 'याओई' हा समांतर प्रकार स्वतंत्रपणे वाढला होता. १९९२ साली सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्याने 'श्वाझिर' या स्त्रीवादी लघुनियतकालिकात याओईच्या लेखिकांवर कठोर टीका केली. या स्त्रिया समलिंगी पुरुषांच्या प्रतिमा वापरतात, मात्र हाडामांसाच्या समलिंगी पुरुषांशी त्यांना देणेघेणे नाही, असा त्याचा आक्षेप होता. हा वाद काही वर्षे चालला. काही लेखिकांनी आपल्या कथा कल्पनारम्य असल्याचे सांगून हात झटकले, तर काहींनी आक्षेप गंभीरपणे घेतला. आजही हा प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा उपस्थित होतो.

संग्रहांचे राजकारण

मे २००७ मध्ये 'लाइव्हजर्नल' या संकेतस्थळाने बाहेरील एका गटाच्या दबावाखाली सुमारे ५०० खाती बंद केली. लैंगिक शोषणाला उत्तेजन देणारी खाती म्हणून ही कारवाई झाली. प्रत्यक्षात तीत चाहत्यांचे कथासमूह आणि अत्याचारातून सावरलेल्यांचे आधारगटही सापडले. तोवर राजकारणापासून दूर राहिलेल्या चाहत्यांनी मालकी हा प्रश्न प्रथमच ठळकपणे मांडला. त्याच वर्षी 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिने चालवलेला 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा संग्रह नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याचे नाव व्हर्जिनिया वुल्फ यांच्या स्त्रियांच्या लेखनस्वातंत्र्यावरील प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकाची आठवण करून देते. देणग्यांवर चालणाऱ्या, जाहिराती न घेणाऱ्या या संग्रहाला २०१९ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला.

कायद्यात बसणारी कोणतीही कथा ठेवायची, मात्र आशयाची पूर्वसूचना मागायची, हे या संग्रहाचे धोरण आहे. त्यावरून चाहत्यांमध्ये दोन तट पडले आहेत. शोषण, रक्तसंबंध किंवा अल्पवयीन पात्रे यांविषयीच्या कथा वाचकांवर घातक परिणाम करतात, असे एका बाजूस वाटते. कल्पित लेखनावर बंदी आली, की पहिला बळी समलिंगी साहित्याचाच जातो, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजू स्वतःला पुरोगामी मानतात. १९८०च्या दशकातील स्त्रीवादी वाद येथे नव्या पिढीने जणू पुन्हा सुरू केला आहे, फरक इतकाच की आता दोन्हीकडे वयाने बरेच लहान वाचकही आहेत.

या संग्रहाच्या वापरकर्त्यांचे एका चाहत्याने २०१३ साली स्वेच्छेच्या तत्त्वावर सर्वेक्षण केले. त्यातील दहा हजारांहून अधिक प्रतिसादकांपैकी निम्म्याहून कमी जणांनी स्वतःला भिन्नलिंगी म्हटले. प्रतिसादक स्वतःहून पुढे आलेले असल्याने हा आकडा सर्व चाहत्यांना लागू करता येत नाही. तरीही 'भिन्नलिंगी स्त्रियांचा छंद' हे जुने वर्णन आता अपुरे पडते.

वंशाचा प्रश्न

लैंगिकतेबाबत उदार असलेला वर्ग वंशाबाबतही तसाच असेल, हे गृहीतक २००९ मधील विज्ञानकथा-चाहत्यांच्या प्रदीर्घ वादानंतर ढासळले. भारतीय अभ्यासक रुक्मिणी पांडे यांचा 'स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स' (२०१८) हा या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ आहे. नेहमी दिले जाणारे उदाहरण 'स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स' (२०१५) या चित्रपटाचे आहे. त्यात कृष्णवर्णीय नायक फिन आणि वैमानिक पो यांची मैत्री ठळक आहे. तरी कायलो रेन आणि हक्स या पडद्यावर एकत्र फारसे न दिसणाऱ्या दोन गोऱ्या खलपात्रांच्या जोडीवर विपुल लेखन झाले. आवड ही वैयक्तिक बाब आहे, असे उत्तर त्यावर मिळते. एकेका लेखिकेपुरते ते खरेही असेल; मात्र हजारो लेखिकांची आवड एकाच दिशेला झुकते, तेव्हा ते पुरेसे ठरत नाही. जून २०२० मध्ये संस्थेने वंशद्वेषाविरुद्ध उपाययोजनेचे आश्वासन दिले. ती अपुरी असल्याच्या तक्रारीवरून मे २०२३ मध्ये चाहत्यांनीच मोहीम उघडली.

चीन

चीनमध्ये 'दानमेई' या नावाने पुरुषप्रेमाच्या स्वतंत्र कादंबऱ्या आणि त्यांवरील चाहत्यांचे लेखन असे दोन्ही मोठ्या प्रमाणावर वाचले जाते. २०१९ मधील 'द अनटेम्ड' ही मालिका अशाच कादंबरीवर आधारित होती. तीतील अभिनेता शाओ झान याला स्त्रीरूपात रंगवणारी एक कथा त्याच्या काही चाहत्यांना अवमानकारक वाटली. त्यांनी २७ फेब्रुवारी २०२० रोजी संबंधित संकेतस्थळांविरुद्ध शासनाकडे सामूहिक तक्रारी करण्याचे आवाहन केले. दोनच दिवसांत 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' चीनमध्ये बंद झाले. उत्तरादाखल इतर वाचकांनी शाओ झान जाहिरात करत असलेल्या वस्तूंवर बहिष्कार टाकला. ज्या अभिनेत्याची लोकप्रियता पुरुषप्रेमाच्या कथेतून वाढली, त्याच्याच चाहत्यांनी अशा कथांचे दार बंद करवून घेतले, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय. शासकीय नियंत्रण हे आपल्या आवडत्या कलाकाराच्या रक्षणाचे साधन आहे असे मानणारे चाहते, आणि त्याच नियंत्रणाची भीती बाळगणारे चाहते, एकाच मालिकेचे प्रेक्षक होते.

ही भीती निराधार नव्हती. २०१८ साली आन्हुई प्रांतातील न्यायालयाने 'त्यान्यी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेला पुरुषप्रेमाची कामुक कादंबरी छापून विकल्याबद्दल दहा वर्षे सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. बलात्काराच्या काही प्रकरणांत याहून कमी शिक्षा होते, याकडे तेव्हा अनेक चिनी नागरिकांनी लक्ष वेधले. २०२४ आणि २०२५ मध्ये तैवानस्थित 'हायतांग' या संकेतस्थळावर लिहिणाऱ्यांवर आन्हुई आणि लान्झोउ येथील पोलिसांनी कारवाई केली. त्यांत तरुण स्त्रियांचा भरणा होता. अश्लील मजकुरातून नफा मिळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. काहींची या लेखनातून झालेली कमाई अगदी किरकोळ होती.