दातात नवा जिवाणू सापडला म्हणजे नवा रोग आला का?

किडलेल्या दातात जिवाणूची नवी प्रजाती सापडल्याची बातमी आली, की लोकांना वाटते, आता आणखी एक रोग आला. हा समज आधी दूर करायला हवा. असा जिवाणू बहुधा माणसाच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला असतो. नवी असते ती त्याची नोंद. तोंडातल्या ७००हून अधिक प्रजातींचा आजवर पत्ता लागला आहे आणि त्यांतल्या कित्येक अजून प्रयोगशाळेत वाढवता आलेल्या नाहीत.

डीएनए कशाशी जुळला नाही की झाली नवी प्रजाती, असेही अनेकांना वाटते. खरे कष्ट त्याआधीही असतात आणि त्यानंतरही. मुळात नमुना घेणेच जिकिरीचे. दाताभोवती रबराचा पातळ पडदा (रबर डॅम) बसवायचा, दाताचा पृष्ठभाग निर्जंतुक करायचा आणि मग मुळाच्या नळीत सुईसारखी निमुळती, निर्जंतुक कागदी काडी मिनिटभर ठेवायची. लाळेचा एक थेंब लागला तरी नमुना वाया. तिथल्या बहुतेक जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही, म्हणून त्यांना प्राणवायूविरहित पेटीत कित्येक दिवस वाढवावे लागते. मग जिवाणूची ओळख पटवणाऱ्या १६एस जनुकाची सुमारे १५०० अक्षरे वाचतात. ज्ञात प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी भरले, तर संशय बळावतो. त्यानंतर पूर्ण जीनोमची तुलना, कोणती साखर पचते, कोणती आम्ले तयार होतात याच्या चाचण्या. शेवटी जिवंत जिवाणू दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो, त्याशिवाय नाव अधिकृत ठरत नाही. असा एक संग्रह आपल्या पुण्यातही आहे. लंडनच्या संशोधकांनी मुळाच्या नळीतून आणि हिरड्यांच्या खोबणींतून मिळवलेला ‘डायलिस्टर इन्व्हिसस’ २००३ मध्ये याच वाटेने नोंदला गेला.

काही जिवाणू तर एकटे वाढतच नाहीत. ‘टीएम७’ नावाच्या जिवाणूगटाचा डीएनए अनेक वर्षे दिसत होता, पण जिवाणू हाती लागत नव्हता. तो दुसऱ्या एका जिवाणूच्या अंगावर चिकटून जगतो, हे २०१५ मध्ये उघड झाले. मला या साऱ्या शोधातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

सापडला तोच गुन्हेगार, हेही खरे नाही. दाताच्या मुळाशी बहुधा अनेक जिवाणू एकत्र नांदतात. एकट्यावर ठपका ठेवायला स्वतंत्र पुरावा लागतो. जिवाणूंशिवाय मात्र दाताच्या मुळाचा हा आजार होत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत उंदरांच्या दातांतला मगज, म्हणजे आतला मऊ भाग, उघडा करून पाहिला. नेहमीच्या उंदरांत तो सडला, जंतुमुक्त वाढवलेल्यांत भरून आला.

आणि दाताला अळी लागते म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी घेणे अजूनही चालते. दातात अळी नसते.

मेलेल्या मगजात रक्तपुरवठा नसल्याने नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तिथवर पोचत नाहीत. नळी साफ करावी लागते किंवा दात काढावा लागतो. म्हणून उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊन ठणका दाबू नका, दातांच्या डॉक्टरांकडे जा. गालावर सूज किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी.