लिनक्सवर टचपॅड त्रास देतोय? 'सेन्सिटिव्हिटी' शोधत बसण्याआधी हे वाचा

जुना लॅपटॉप रखडायला लागला की अनेक जण त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकतात. लॅपटॉप सुसाट होतो, पण टचपॅड मात्र परका वाटू लागतो. बोटाने टकटक केली तरी क्लिक होत नाही, बाण हळू सरकतो किंवा टाइप करताना कर्सर भलत्याच ओळीत उडी मारतो. विंडोजमध्ये 'टचपॅड सेन्सिटिव्हिटी' नावाचा पर्याय असतो. लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये सहसा तो सापडत नाही. कारण ज्याला आपण सरसकट सेन्सिटिव्हिटी म्हणतो, त्या इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली तक्रार नेमकी कोणती, हे कळलं की अर्धं काम झालं.

सगळ्यात सोपी तक्रार टॅपची. आज बहुतेक लिनक्समध्ये टचपॅड 'लिबइनपुट' नावाची प्रणाली सांभाळते. बटणाचा टचपॅड असेल तर ती टॅप मुद्दाम बंद ठेवते, कारण ज्याला टॅपची सवय नाही त्याच्याकडून नकळत क्लिक होत राहतात. म्हणजे तुमचा टचपॅड बिघडलेला नाही, फक्त एक स्विच बंद आहे. सेटिंग्जमध्ये 'माउस अँड टचपॅड' उघडा आणि 'टॅप टू क्लिक' चालू करा. जीनोम डेस्कटॉपने 2024 मध्ये आलेल्या 46व्या आवृत्तीपासून तो आधीच चालू ठेवायला सुरुवात केली. त्याआधीची आवृत्ती असेल तर हे काम तुम्हालाच करावं लागू शकतं.

टॅप चालू केल्यावर एका बोटाने साधा क्लिक, दोन बोटांनी राइट क्लिक आणि तीन बोटांनी मधला क्लिक होतो. हा तिसरा प्रकार जरा जपून. लिनक्समध्ये मजकूर नुसता सिलेक्ट केला तरी तो लक्षात ठेवला जातो, कॉपी करावा लागत नाही, आणि मधला क्लिक तोच मजकूर पेस्ट करतो. समजा व्हॉट्सअॅप वेबवर कुणाचा तरी खासगी मेसेज वाचताना तो सिलेक्ट झाला आणि नंतर फेसबुकच्या कमेंटमध्ये चुकून तीन बोटं टेकली, तर तो मेसेज कमेंटमध्ये येऊन पडतो. पोस्ट करण्याआधी एकदा नजर फिरवाच. जीनोम वापरणाऱ्यांना 'ट्वीक्स' अॅपमध्ये 'मिडल क्लिक पेस्ट' बंद करता येतं.

बाणाचा वेग हा दुसरा मुद्दा. त्याच पानावर 'पॉइंटर स्पीड'ची पट्टी असते. ती थोडी सरकवायची, बोट फिरवून पाहायचं, पुन्हा सरकवायची. मात्र ही पट्टी फक्त बाण किती धावेल ते ठरवते. स्पर्श किती हलका चालेल, याच्याशी तिचा संबंध नाही.

खरी डोकेदुखी तिसरी, नको तिथे लागणारा तळहात. लांबलचक पोस्ट लिहिताना अंगठ्याचा बुंधा टचपॅडला घासतो आणि पुढचं वाक्य वरच्या परिच्छेदात घुसतं. यासाठी 'डिसेबल टचपॅड व्हाइल टायपिंग' हा पर्याय चालू हवा. तो सहसा चालूच असतो. पण लॅपटॉपला बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडला असेल तर बहुधा त्याचा उपयोग होत नाही, कारण हा पर्याय लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डवर लक्ष ठेवतो. तेव्हा माउस वापरून टचपॅड पूर्ण बंद ठेवलेला बरा. गेम खेळणाऱ्यांना उलट अनुभव येतो. की दाबून धरली की टचपॅड गप्प होतो. त्यांनी हा पर्याय बंद करावा.

हे सगळं करूनही हलका स्पर्श ओळखलाच जात नसेल, तर प्रश्न दाबाच्या मर्यादेचा असू शकतो. काही मॉडेल्ससाठी ती मर्यादा लिबइनपुटमध्ये वेगळी नोंदवलेली असते. ती बदलता येते, पण त्यासाठी टर्मिनल आणि सिस्टिमची फाइल हाताळावी लागते. नवख्याने आधी सिस्टिम अपडेट करून पाहावी.

आता यूट्यूबवर मिळणाऱ्या कमांड्सबद्दल. 'सिंक्लायंट'च्या कमांड्स जुन्या 'सिनॅप्टिक्स' ड्रायव्हरसाठी आहेत आणि 'एक्सइनपुट'च्या एक्सऑर्गसाठी. तुमचं डेस्कटॉप वेलँडवर चालत असेल तर दोन्हींनी टचपॅडची सेटिंग बदलत नाही. जीनोममध्ये सेटिंग्जच्या 'अबाउट' भागात सिस्टिमच्या तपशिलात 'विंडोइंग सिस्टिम'समोर काय लिहिलंय ते आधी बघा. एक्सऑर्गवर असाल आणि टचपॅडचे पर्याय गायब असतील, तर कधीतरी टाकलेला जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर आड येत असण्याची शक्यता आहे. तो काढून लॅपटॉप रीस्टार्ट केला की लिबइनपुट पुन्हा ताबा घेतं. फक्त काढताना नाव नीट वाचा: 'सिनॅप्टिक' हे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं वेगळंच अॅप आहे, त्याचा टचपॅडशी काही संबंध नाही.