एका ढिगाची अनेक गिऱ्हाइकं

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना खरेदीदारांचे हात बघावेत. एकजण ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा वर काढतो आणि अंगठ्यानं त्याची मान दाबतो. दुसरा तळहातावर कांदा चोळून पत्ती किती सुटते ते पाहतो. तिसरा गोल्टीच्या, म्हणजे बारक्या कांद्याच्या, ढिगापाशीच रेंगाळतो. माल एकच, पण प्रत्येकाच्या मनात तो खाणारा माणूस वेगळा असतो.

मान दाबणाऱ्याला साठवण करायची आहे. बारीक, घट्ट मिटलेल्या मानेचा गरवा कांदा वखारीत महिनोन्‌महिने टिकतो. जाड मानेतून ओल उडून जाते आणि कूज आत शिरते. खानावळवाल्याला मोठा कांदा हवा, कारण किलोमागे नग कमी आणि सोलायचे कष्टही कमी. घरच्या बाईला मध्यम बरा, एका भाजीला एक पुरतो, अर्धा वाळत पडत नाही. हात आखडता असलेल्या घरात गोल्टी जाते. परदेशच्या मागण्या तर आणखी वेगळ्या: आखाती देशांना लालसर, तिखट, चार ते सहा सेंटिमीटरचा कांदा पसंत, बांगलादेशाला त्याहून लहान, युरोपला पिवळा, मोठा आणि सौम्य.

सौम्य! आपल्याकडे भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा नाकात गेला नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही. अख्ख्या कांद्याला मात्र तो उग्र वास नसतो. त्याच्या पेशींत गंधकाची संयुगं एकीकडे आणि विकरं दुसरीकडे कोंडलेली असतात. सुरी फिरली की दोन्ही भेटतात आणि तिखटपणा त्या क्षणी जन्माला येतो. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वायूसाठी कांद्यात एक स्वतंत्र विकर असतं, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं. जमिनीत गंधक कमी असेल तर कांदा गोडसर होतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला विडेलिया कांदा त्याच गुणावर नावारूपाला आला. म्हणजे एका मुलखातले लोक ज्या झणक्यासाठी कांदा घेतात, तो नसावा म्हणून दुसरीकडचे लोक जास्त पैसे मोजतात. मला हे फार विलक्षण वाटतं.

माणूस खाणं कशावरून निवडतो, हे मोजण्यासाठी लंडनमध्ये अँड्र्यू स्टेप्टो आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ३६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. उत्तरांतून नऊ कारणं निघाली: आरोग्य, मनःस्थिती, सोय, चव-वास-रूप, नैसर्गिकपणा, किंमत, वजनावर ताबा, सवय आणि नीती. लोणंदच्या ढिगाभोवती यातली निम्मी तरी उभी असतात. पण या नऊंत धर्माला स्वतंत्र जागा नव्हती. ती २००० साली फिनलंडच्या संशोधकांनी दिली.

धर्मही ताट ठरवतो, हे लोणंदला कुणी सांगावं लागत नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून इथे मुक्कामाला येते. अरणच्या सावता माळ्यांनी तर आपल्या मळ्यातल्या कांद्यातही विठाई पाहिली, आणि तरी विठ्ठलाच्याच आषाढी एकादशीपासून कितीतरी घरांत चार महिने कांदा वर्ज्य होतो. चव तीच, भाव तोच, खाणाराही तोच. फक्त तिथी बदलते.

त्या एकादशीआधी दोन दिवस, आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमी. भजी, थालीपीठ, भरले कांदे, जे जे सुचेल ते पोटभर होतं. सोडायचं ते आधी मन भरेपर्यंत खाऊन घ्यायचं, ही माणसाची समजूत मला अतिशय प्रिय आहे. मग टोपली रिकामी होते. आणि अंगठ्यानं मान दाबून निवडलेला तो गरवा कांदा वखारीत, कोरड्या पत्तीत मिटून, कार्तिकीची वाट पाहत राहतो.